दुतोंड्या मारुतीची स्लाइड: वर्गात ऑनलाइन प्रेझेंटेशन वापरायला शिकताना

नाशिकच्या पंचवटीत वाढलेल्या मुलाला पूर किती आला ते मीटरमध्ये सांगावं लागत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, एवढं म्हटलं की घरातल्या आजीपासून सगळ्यांना अंदाज येतो. नदी शिकवताना मी एका स्लाइडवर या मारुतीचे दोन फोटो शेजारीशेजारी लावते. एक मे महिन्यातला, पायाखालचा घाट कोरडा दिसणारा. दुसरा भर पावसाळ्यातला. खाली एकच ओळ: ‘मधल्या काळात काय काय झालं असेल?’ मुलं आपापसांत बोलायला लागतात. कोणी त्र्यंबकच्या पावसाचं नाव काढतं, कोणी गंगापूर धरणाचं, कोणी सांगतं की आमच्या काकांनी त्या दिवशी दुकान उचललं होतं. पाणलोट क्षेत्र हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिते.

ही स्लाइड सुचायला मला दोन वर्षं लागली. माझं पहिलं प्रेझेंटेशन बत्तीस स्लाइडचं होतं. पाठ्यपुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे उतरवलेले, प्रत्येक ओळ उडत येणारी. मुलांनी वह्या काढल्या आणि पूर्ण तास पडद्यावरचा मजकूर उतरवून घेतला. एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी मला वाटलं तास छान शांत झाला. पुढच्या चाचणीत कळलं की मुलांनी फक्त लिहिलं होतं. तेव्हापासून मी एक नियम पाळते: जे फळ्यावर दाखवता येतं ते फळ्यावरच, आणि जे खडूने दाखवता येत नाही तेवढंच स्लाइडवर. नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी पुढचं सगळं मी याच नियमाला धरून लिहिते आहे.

आधी पाठ, मग लॅपटॉप

लॅपटॉप उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात मुलांना नेमकं काय पाहायला हवं, ते त्यावर लिहा. माझ्या गोदावरीच्या पाठाचा कागद असा होता: ब्रह्मगिरीचा डोंगर, त्र्यंबकचं कुशावर्त कुंड, गंगापूर धरण, रामकुंड आणि मारुती, दारणेचा संगम, आणि शेवटी निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. तिथे कादवा गोदावरीला मिळते, बंधाऱ्यामागे पाणी पसरतं, हिवाळ्यात पक्षी येतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते हेच. नदीची पूर्ण लांबी 1465 किलोमीटर, पण आपल्या मुलांनी निदान आपल्या जिल्ह्यातला तुकडा डोळ्यांनी पाहावा एवढाच माझा हेतू होता. सहा ठिकाणं, म्हणजे सहा चित्रं, एक नकाशा आणि एक प्रश्न. आठ स्लाइड. एका तासाला याहून जास्त लागत नाहीत.

नदीची वरची, मधली, खालची अवस्था यांची आकृती मात्र मी स्लाइडवर घेत नाही. ती मुलांसमोर फळ्यावर हळूहळू काढली की त्यांच्या वहीतही हळूहळू उतरते आणि लक्षात राहते.

टूल कोणतं?

यावर शिक्षक-कक्षात फार वेळ जातो, तेवढा घालवू नका. गुगल स्लाइड्सपासून सुरुवात करा. जीमेलचं खातं असलं की ते फुकट मिळतं, साध्या संगणकावर चालतं, फोनवरही उघडतं आणि एकच फाइल अनेक जणांना एकाच वेळी हाताळता येते. मायक्रोसॉफ्टचं पॉवरपॉइंटही ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतं. ज्यांचा हात पॉवरपॉइंटवर बसलाय त्यांनी ते घ्यावं, काही बिघडत नाही. कॅनव्हामध्ये चित्रं आणि तयार मांडण्या भरपूर आहेत. शालेय शिक्षकांना शिक्षक असल्याचा पुरावा दिल्यावर त्याची शैक्षणिक आवृत्ती मोफत मिळते. प्रेझीत मोठ्या चित्राच्या आत आत शिरत जाता येतं. नकाशावरून गावात जायला ते छान दिसतं, पण वारंवार झूम झालं की मागच्या बाकांवरच्या काही मुलांना गरगरतं, म्हणून जपून.

हल्ली यातली बरीच टूल्स विषय टाकला की स्वतःच स्लाइड तयार करून देतात. ती घेतलीत तर प्रत्येक ओळ तपासा. मराठीतली विभक्ती चुकते, आकडे चुकतात आणि चित्रातली देवनागरी अक्षरं कित्येकदा अक्षरंच नसतात.

पहिली फाइल

शाळेच्या कामासाठी वेगळं जीमेल खातं काढा. घरचे फोटो, बँकेचे मेल आणि वर्गाच्या फाइली एकत्र नकोत, कारण हे खातं तुम्ही कधीतरी शाळेच्या संगणकावर उघडणारच आहात. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत गुगल स्लाइड्सचा पत्ता टाकून कोरं प्रेझेंटेशन उघडा आणि सगळ्यात आधी डावीकडे वर नाव द्या. ‘शीर्षक नसलेले प्रेझेंटेशन’ अशा पंधरा फाइली साठल्या की ऐन वेळी हवी ती सापडत नाही. मी ‘6वी_भूगोल_गोदावरी_जुलै’ असं नाव देते.

मग एक गोष्ट तपासा, जी कोणी सांगत नाही. तुमच्या वर्गातला प्रोजेक्टर जुना असेल तर त्याचं चित्र बहुतेक 4:3 या आकाराचं, चौकोनाकडे झुकणारं असतं. नवी फाइल मात्र 16:9 अशी रुंद उघडते. ती जुन्या प्रोजेक्टरवर लावली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षरं लहान होतात. ‘फाइल’मध्ये ‘पेज सेटअप’ आहे, तिथे ‘स्टँडर्ड 4:3’ निवडा. हे सुरुवातीलाच करा, नंतर केलंत तर सगळी मांडणी हलते. शाळेत नवं इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे स्पर्शाने चालणारा मोठा पडदा, असेल तर 16:9च ठेवा.

मराठी नीट उमटावं म्हणून

यात मी थोडी रमणार आहे, कारण आपल्या शिक्षकांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

आपल्यापैकी अनेकांनी प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केल्या आहेत. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांचा आकार मराठीसारखा काढलेला असतो. तो मजकूर ऑनलाइन टूलमध्ये चिकटवला की फॉन्टचा मुखवटा गळून पडतो आणि समोर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. फाइल खराब झालेली नसते. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लेखीही मराठी अक्षर मराठीच असतं अशा पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो, आणि नवा मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करावा लागतो.

युनिकोड टायपिंगसाठी विंडोज 10 आणि 11 मध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडता येते. इनस्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाण कीबोर्ड येत असेल तर उत्तम, नसेल तर इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड घ्या. पण माझ्या ज्या सहकारी बाईंना टायपिंगचा कंटाळा होता त्यांना मी एक वेगळी वाट दाखवली आणि त्या आता माझ्यापेक्षा जलद काम करतात. लॅपटॉपवर फाइल उघडी ठेवायची, तीच फाइल फोनवरच्या स्लाइड्स ॲपमध्ये उघडायची, चौकटीत बोट ठेवायचं, कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि मराठीत बोलायचं. शब्द लॅपटॉपच्या पडद्यावर उमटतात. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं मागाहून नीट करून घ्यायची.

फॉन्टच्या यादीत ‘मोअर फॉन्ट्स’मध्ये जाऊन लिपी देवनागरी निवडली की बरेच पर्याय दिसतात. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी लांबून स्वच्छ वाचता येतात. बालू गोलसर, ठसठशीत आहे, लहान मुलांच्या शीर्षकांना शोभतो. मराठी विषयाच्या शिक्षकांनी ‘तिरो देवनागरी मराठी’ एकदा पाहावा. आपण पाटीवर गिरवतो तसा मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ त्यात आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि पहिली-दुसरीतलं मूल विचारतं, ‘बाई, हा ल असा का?’ तो प्रश्न रास्त आहे.

एका प्रेझेंटेशनला एकच फॉन्ट पुरे. मोठ्या वर्गात मजकूर 28 पॉइंटपेक्षा लहान ठेवू नका, शीर्षक 40च्या आसपास असू द्या. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार, उकार वर-खाली जागा घेतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर 1 वरून 1.3 पर्यंत वाढवा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

शेवटच्या बाकावरून पाहा

स्लाइड तयार झाली की रिकाम्या वर्गात ती लावा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसा. वाचता येतंय का? आपल्याकडच्या वर्गांना मोठ्या खिडक्या असतात आणि सकाळच्या सत्रात ऊन थेट भिंतीवर येतं. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो. म्हणून उजेडाच्या खोलीत गडद पार्श्वभूमीची सुंदर स्लाइड राखाडी पडते आणि तिच्यावरची अक्षरं विरून जातात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी किंवा गडद निळी अक्षरं ठेवा. खिडक्यांना पडदे नसतील तर प्रोजेक्टरच्या पडद्याजवळच्या एका खिडकीला जाड चादर लावली तरी मोठा फरक पडतो. सगळा वर्ग अंधारा करू नका, मुलांना वही दिसायला हवी.

फोटोंबद्दल एवढंच, की शक्य तितके स्वतः काढा. सोमेश्वरचा धबधबा, पांडवलेणी, लासलगावचा कांद्याचा लिलाव, दिंडोरीतली द्राक्षबाग हे सगळं एका रविवारच्या अंतरावर आहे. आपण काढलेल्या फोटोला परवानगीचा प्रश्न येत नाही, आणि ‘हे मी तिथे उभी राहून काढलं’ असं म्हटलं की मुलं वेगळ्या नजरेने बघतात. इंटरनेटवरून घ्यायचेच असतील तर विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहातून घ्या आणि छायाचित्रकाराचं नाव कोपऱ्यात लिहा. मुलांनाही ती सवय लागते.

लिंक देताना

ऑनलाइन टूलचा खरा फायदा ‘शेअर’ या बटणात आहे आणि घोटाळाही तिथेच होतो. लिंक असलेल्या कोणालाही फाइल दिसावी अशी सोय केल्यावर पुढे तीन पर्याय येतात. ‘व्ह्यूअर’ फक्त पाहू शकतो. ‘कमेंटर’ बाजूला शेरा लिहू शकतो. ‘एडिटर’ काहीही बदलू शकतो, पुसूही शकतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिंक टाकताना ती व्ह्यूअरचीच आहे ना, हे दोनदा पाहा. सहकाऱ्यांना तुमची फाइल त्यांच्या वर्गासाठी बदलून हवी असेल तर लिंकच्या शेवटी जिथे ‘एडिट’ लिहिलेलं असतं तिथून पुढचं सगळं खोडून इंग्रजीत ‘कॉपी’ असं टाइप करा आणि ती लिंक पाठवा. उघडल्यावर त्यांना त्यांची स्वतःची प्रत मिळते आणि तुमची मूळ फाइल सुरक्षित राहते.

मुलांची पूर्ण नावं, हजेरी क्रमांक, गुण, चेहरे दिसणारे फोटो अशा उघड्या लिंकच्या फाइलीत कधीही ठेवू नका. लिंक एका गटातून दुसऱ्या गटात जाते आणि परत बोलावता येत नाही. यात मला कोणतीही सवलत मान्य नाही.

आदल्या संध्याकाळी

नेट जाणार आहे असं धरूनच तयारी करा. पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांमधल्या शिक्षकांना हे सांगायला नको, पण शहरातही ऐन तासाला रेंज जाते. तीन गोष्टी करून ठेवा. गुगल ड्राइव्हच्या, म्हणजे तुमच्या फाइली जिथे साठतात तिथल्या, सेटिंगमध्ये ऑफलाइन वापर सुरू करा आणि त्या फाइलीवर ‘ऑफलाइन उपलब्ध’ अशी खूण करा, म्हणजे तुमच्याच लॅपटॉपवर क्रोममध्ये ती नेटशिवाय उघडेल. दुसरं, ‘डाउनलोड’मधून पीडीएफ काढा आणि पेनड्राइव्हवर घ्या. पॉवरपॉइंटची फाइल काढलीत तर शाळेच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास तो बदलला जातो आणि ओळी चौकटीबाहेर पडतात. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलीबरोबरच येतो. ॲनिमेशन मात्र जातं, पण ते गेलेलंच बरं. तिसरं, पाठात व्हिडिओ असेल तर त्याशिवाय तास कसा चालवायचा ते ठरवा, कारण यूट्यूबवरून जोडलेला व्हिडिओ नेट नसताना चालत नाही. आणि वीजच गेली तर? तो कोरा कागद आठवतो ना, ज्यावर पाठ लिहिला होता. तो पर्समध्ये असू द्या.

केबलही आदल्या दिवशीच पाहा. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए लागते, नव्या लॅपटॉपला बहुतेकदा फक्त एचडीएमआय असते, म्हणजे मध्ये कन्व्हर्टर हवा. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळा स्पीकर लागतो. केबल जोडूनही चित्र येत नसेल तर कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. तरीही नसेल तर प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘सोर्स’ बदलून बघा. दहापैकी नऊ वेळा अडचण या दोनपैकी एका ठिकाणी असते.

तास सुरू झाल्यावर

शाळेच्या सामाईक संगणकावर काम करत असाल तर क्रोम ‘गेस्ट’ म्हणून उघडा. खिडकी बंद केली की तुमच्या खात्याचा माग तिथे राहत नाही. स्वतःचा लॅपटॉप असेल तर व्हॉट्सॲप वेब बंद करा, सूचना बंद करा. घरचा निरोप साठ मुलांसमोर मोठ्या अक्षरात उघडलेला मी पाहिला आहे, आणि त्या शिक्षिकेला झालेला त्रासही.

कंट्रोल आणि एफ5 दाबलं की स्लाइड पूर्ण पडद्यावर येते. आता एक बटण लक्षात ठेवा: इंग्रजी बी. ते दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. माझ्या मते संपूर्ण टूलमधली ही सगळ्यात मोलाची सोय आहे. पडद्यावर चित्र असेपर्यंत मुलांचे डोळे तिथेच असतात, तुम्ही कितीही कळकळीने बोला. चित्र दाखवा, त्यावर बोलू द्या, मग बी दाबा आणि फळ्याकडे वळा. इंग्रजी एल दाबलं की माउसच्या जागी लाल ठिपका येतो, नकाशावर बोट दाखवायला उपयोगी.

नवी स्लाइड आली की लगेच बोलू नका. दहापर्यंत मनात मोजा. मुलांना आधी पाहू द्या. आणि स्लाइडवर जे लिहिलंय ते एकदा मोठ्याने वाचा, कारण चष्म्याची गरज असून तो न मिळालेलं एखादं मूल बहुतेक वर्गांत असतंच.

मुलांच्या हातात

चार-पाच तास असे झाले की मग गटकार्य करा. संगणक कक्षात नेऊन वर्गाचे सहा गट पाडा, प्रत्येक गटाला त्याच फाइलीतली एक स्लाइड द्या: एकाला कुशावर्त, एकाला गंगापूर धरण, असं. या वेळेपुरती लिंक एडिटरची करा. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये अशी लिंक खातं नसतानाही उघडते, त्यामुळे मुलांची खाती काढायची गरज पडत नाही. गुगल तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं स्वतः खातं काढूही देत नाही. तास संपला की लिंक परत व्ह्यूअरवर आणायला विसरू नका.

पहिल्याच वेळी माझ्या वर्गात एका मुलाच्या हातून सगळ्या स्लाइड पुसल्या गेल्या. तो रडवेला झाला, बाकीचे त्याच्यावर ओरडायला लागले. ‘फाइल’मधली ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडून मी दहा मिनिटांपूर्वीची प्रत परत आणली आणि सगळ्यांना दाखवली. त्या दिवसापासून मी गटकार्याआधी हेच पहिलं शिकवते. काही पुसलं गेलं तर परत येतं, हे कळलं की लाजरी मुलंही माउसला हात लावतात.

मुलांकडे फोन नसतात, आणि शाळेत नसावेतच. तरी सगळ्या वर्गाचं उत्तर एका वेळी हवं असेल तर प्लिकर्स हे ॲप पाहा. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड असतं, ते ज्या बाजूने धरलं त्यावरून ए, बी, सी, डी यांपैकी उत्तर ठरतं आणि शिक्षकाच्या एकट्या फोनचा कॅमेरा पूर्ण वर्गाची उत्तरं टिपतो. कार्डं जाड कागदावर छापा, वर्षभर टिकतात.

माझ्या गोदावरीच्या फाइलीत मारुतीच्या स्लाइडनंतर मी एक रिकामी स्लाइड ठेवली आहे. तिच्यावर फक्त तारीख लिहायची जागा आणि फोटोची चौकट आहे. दरवर्षी धरणातून पाणी सुटलं की ती भरली जाते आणि पुढे नवी रिकामी स्लाइड जोडली जाते. फोटो वर्तमानपत्रातला असेल तर त्याचं नाव आणि तारीख खाली येते, पालकांनी पुलावरून काढलेला असेल तर त्यांना विचारून घेते. तुम्ही असं काही केलंत तर मुलांना आधी स्पष्ट बजावा: पूर असताना फोटोसाठी कोणीही घाटावर जायचं नाही.